अमूर ससाणा भारतातच हिवाळा का काढत नाही?

गवताळ (धागाकर्ता)

नोव्हेंबर लागला की लोणावळ्याच्या पठारांवर कॅमेरेवाल्यांची रीघ लागते आणि पक्षीप्रेमींच्या सगळ्या गटांवर एकच चौकशी सुरू होते: अमूर आले का? फोटो ढिगाने येतात. पण या पक्ष्याकडे बघून जो प्रश्न पडायला हवा तो फारसा कुणी विचारत नाही, म्हणून हा धागा.

आधी थोडी ओळख. अमूर ससाणा पारव्याहून लहान, वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. नर गडद करडा, पाय आणि डोळ्याभोवतीचं कडं नारिंगी-लाल, शेपटीखाली तांबूस. डोक्यावरून गेला की पंखाच्या आतली पांढरी बाजू लख्ख दिसते. मादीच्या पांढुरक्या छाती-पोटावर काळ्या रेघा आणि ठिपके. वीण पूर्व सैबेरिया, मंगोलिया, ईशान्य चीन, उत्तर कोरिया या पट्ट्यात. तिथून निघून ऑक्टोबरात हे पक्षी नागालँड, मणिपूर भागात लाखोंनी उतरतात, पावसानंतर बाहेर पडणारी पंख फुटलेली वाळवी पोटभर खातात आणि मग दक्षिण आफ्रिकेच्या दिशेने निघतात.

२०१३ च्या नोव्हेंबरात भारतीय वन्यजीव संस्था आणि हंगेरीच्या पक्षीतज्ज्ञांनी तीन पक्ष्यांच्या पाठीवर पाच-पाच ग्रॅमचे, सौरऊर्जेवर चालणारे ट्रान्समीटर बसवले. नावं ठेवली नागा, वोखा आणि पांगती. त्यातून भारतातून जाणारी ही वाट नकाशावर उमटली: ईशान्येतून निघायचं, द्वीपकल्प तिरपं कापायचं, पश्चिम किनारा सोडायचा आणि थेट सोमालिया. 'नागा'ने साडेपाच हजार किलोमीटरहून जास्त अंतर पाच-सहा दिवसांत कुठेही न थांबता काटलं. त्यातलं अडीच-तीन हजार किलोमीटर निव्वळ अरबी समुद्र. ससाण्याला पाण्यावर टेकता येत नाही. दमला तर संपलाच.

तर प्रश्न असा. खरूची हा याचाच भाऊबंद, तोही उत्तरेकडून येतो आणि आपल्या माळांवर सगळा हिवाळा आरामात काढतो. मग अमूरला एवढा उपद्व्याप कशासाठी?

मला पटलेलं उत्तर पोटात आहे. खरूची उंदीर, सरडे, नाकतोडे, जे मिळेल ते खातो. अमूर हवेतल्या किड्यांवर जगतो, तेही झुंडीने. नोव्हेंबर ते मार्च आपला माळ कोरडाठाक, हवेत किडे तुरळक. नेमक्या त्याच महिन्यांत दक्षिण आफ्रिकेत पावसाळा असतो. वाळवी उडत असते, टोळ असतात. थोडक्यात, हा पक्षी वर्षात दोन उन्हाळे आणि दोन पावसाळे जगतो. हिवाळा त्याच्या वाट्याला येतच नाही. बाकीच्यांचं काय म्हणणं?

टोळभैरव

धागा छान, पण उत्तर अर्धंच पटलं. भोवत्यांचं, म्हणजे हॅरियर या शिकारी पक्ष्यांचं काय? माँटेग्यूचा भोवत्या मध्य आशियातून येतो, आपल्या गवताळ माळांवर संध्याकाळी शेकडोंनी मुक्कामाला उतरतो आणि नाकतोड्यांवर ताव मारतो. त्याला हिवाळाभर पुरेसे किडे मिळतात आणि अमूरला मिळत नाहीत, हे कसं? ज्या जातीला जे लागू पडतं ते तिला चिकटवायचं, असं नको व्हायला.

गवताळ

रास्त शंका. फरक आहे, पण तुम्ही म्हणता तसा तो सगळं सांगत नाही. भोवत्या जमिनीलगत संथ फिरतो आणि गवतातून भक्ष्य उचलतो. नाकतोडा, सरडा, चंडोल, काहीही चालतं. आपल्या गवतात डिसेंबर-जानेवारीतही नाकतोडे असतात, हवेत मात्र वाळवीचे लोट नसतात. इथवर माझा मुद्दा टिकतो.

पण अमूरचे काही हजार पक्षी तरी इथे थांबायचा प्रयत्न का करत नाहीत, याचं उत्तर अन्नात नाही. त्यासाठी खानदान बघावं लागतं. याचा सख्खा भाऊ म्हणजे लाल पायाचा ससाणा, रेड-फूटेड फाल्कन. तो पूर्व युरोप ते मध्य सैबेरियात वीण करतो. एके काळी दोघांना एकच जात मानत. तोही हिवाळ्यात दक्षिण आफ्रिकेकडेच जातो, पण त्याच्यासाठी ती वाट साधी आहे: भूमध्य समुद्र, सहारा, की पोचला. यावरून माझा तर्क असा की दोघांच्या पूर्वजांचं हिवाळ्याचं घर आफ्रिकेतच होतं. विणीचा प्रदेश पूर्वेकडे पसरत अमूर नदीपर्यंत गेला, पण हिवाळ्याचं घर बदललं नाही. घर तेच राहिलं आणि रस्ता लांबत गेला.

हा तर्क हवेतला नाही, कारण असंच दुसऱ्या एका पक्ष्यात स्पष्ट दिसतं. नॉर्दर्न व्हीटइअर, म्हणजे आपल्या रणगोजाचा चुलतभाऊ. वजन पंचवीस ग्रॅम. मूळचा युरोप-आशियाचा, तिथून पसरत एकीकडे सैबेरिया ओलांडून अलास्कात गेला, दुसरीकडे ग्रीनलंडवरून पूर्व कॅनडात. म्हणजे उत्तर अमेरिका दोन्ही बाजूंनी गाठली. हिवाळ्यासाठी मेक्सिको जवळ होतं. पण २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काय दिसलं? अलास्कातले पक्षी सगळा आशिया आडवा कापून पूर्व आफ्रिकेत गेले, एका बाजूचे साधारण १४,५०० किलोमीटर. कॅनडातल्या एका पक्ष्याने अटलांटिक ओलांडून पश्चिम आफ्रिका गाठली. दोघेही आफ्रिकेतच! पूर्वज ज्या वाटेने पसरत आले, त्याच वाटेने उलटे जातात.

अवनी_पु

हे वाचून डोकं गरगरलं. पण उत्क्रांती असली अडाणी कशी? इतका लांबचा रस्ता जातीला महाग पडत असेल तर निवडीत तो गळून पडायला हवा ना? जो आळशी अमूर गुजरातेत थांबला आणि जगला, त्याची पिल्लं जास्त झाली असती.

खाडीकाठ

अवनी, गळून पडतो, पण त्यासाठी तीन गोष्टी जमाव्या लागतात: वेगळ्या दिशेला जाणारे काही पक्षी आधीच असावे लागतात, त्यांची ती ओढ पिल्लांत उतरावी लागते, आणि नव्या जागी त्यांचा निभाव लागावा लागतो. आळशी अमूर गुजरातेत थांबला आणि फेब्रुवारीत उपाशी मेला तर त्याची पिल्लं होणारच नाहीत.

तिन्ही जमलेलं उदाहरण आहे ना! युरोपात ब्लॅककॅप नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. मध्य युरोपातले ब्लॅककॅप हिवाळ्यात नैर्ऋत्येला, स्पेनकडे जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यातले काही इंग्लंडमध्ये हिवाळा काढताना दिसू लागले. जर्मन शास्त्रज्ञ पीटर बर्थोल्ड यांनी असे इंग्लंडमध्ये हिवाळा काढणारे पक्षी पकडले, जर्मनीत त्यांची पैदास केली, आणि जन्मात कधी इंग्लंड न पाहिलेल्या पिल्लांचीही ओढ वायव्येकडेच निघाली. १९९२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. इंग्लंडमध्ये निभाव लागला त्याला एक कारण म्हणजे लोक परसात पक्ष्यांसाठी टांगतात ते दाणे आणि चरबीचे गोळे. बर्थोल्ड यांनी आणखी एक केलं: ज्यांच्यातले काहीच पक्षी स्थलांतर करतात अशा ब्लॅककॅपमधून निवडून-निवडून पैदास केली, तर तीन ते सहा पिढ्यांत एक गट पूर्ण स्थलांतरी झाला आणि दुसरा पूर्ण स्थायिक. म्हणजे बदल व्हायला लाखो वर्षं लागतातच असं नाही.

पिंजऱ्यातल्या पक्ष्याला स्थलांतर करायचंय हे कळतं कसं, असं कुणी विचारण्याआधीच सांगते. हंगाम आला की तो रात्री झोपत नाही, दांडीवर पंख फडफडवत राहतो. लांब जाणाऱ्या जातीत ही बेचैनी जास्त रात्री टिकते. हीच फडफड ते मोजतात.

बापूसाहेब_निवृत्त

सर्वांना नमस्कार. मी पक्ष्यांतला जाणकार नाही, घराच्या गच्चीवरून जे दिसतं ते बघतो. खाडीकाठ यांनी लिहिलेलं वाचून विचारतो. दिशा रक्तातच असते हे मान्य केलं. पण पिल्लं आईबापांच्या थव्यातच जात असतील ना? मग शिकली म्हणून जातात, की जन्मजात, हे वेगळं कसं करणार?

खाडीकाठ

बापूसाहेब, यासाठी आपल्याच अंगणातला पक्षी घ्या. चातक. पावसाच्या तोंडावर आफ्रिकेतून येतो, सातभाईंच्या घरट्यात अंडं टाकतो. दोघांचीही अंडी निळीच, त्यामुळे सातभाईंना पत्ता लागत नाही. पिल्लू वाढवतात सातभाई, जे आयुष्यात चार शेतांपलीकडे जात नाहीत. पावसाळा सरला की तेच पिल्लू आफ्रिकेच्या वाटेला लागतं. त्याला कोण शिकवणार? आणि गंमत बघा, आपल्या देशाच्या अगदी दक्षिण टोकाला आणि श्रीलंकेत याच जातीचे चातक बारा महिने राहतात, कुठे जात नाहीत.

पण तुमची शंकाही पोकळ नाही, अनुभवाचाही वाटा असतो. १९५८ मध्ये पेर्डेक नावाच्या डच शास्त्रज्ञाने एक भला थोरला प्रयोग प्रसिद्ध केला. हेगजवळ स्थलांतरात पकडलेल्या अकरा हजारांहून जास्त युरोपीय मैना, म्हणजे स्टार्लिंग, त्यांनी स्वित्झर्लंडला नेऊन सोडल्या. आधी ही वाट केलेल्या प्रौढ पक्ष्यांनी चूक दुरुस्त केली. वायव्येला वळून उत्तर फ्रान्स, इंग्लंड हा नेहमीचा मुलूख गाठला. पहिल्यांदाच निघालेली त्या वर्षीची पिल्लं मात्र 'नेहमीच्या' दिशेनेच उडत राहिली आणि थेट स्पेनमध्ये निघाली. म्हणजे दिशा आणि अंतर पिल्लू जन्मताच घेऊन येतं. कुठे पोचायचंय याचं भान एकदा जाऊन आल्यावर येतं.

टोळभैरव

तोफ डागलीत राव. माझा भोवत्या गप्प.

नैरोबीकर

इथे केनियात राहून हा धागा वाचतोय. दुसऱ्या बाजूची बातमी देतो. नोव्हेंबरच्या शेवटी ते डिसेंबरात त्सावोच्या बाजूला गाडीने गेलं की अमूर दिसतात. इथे तेव्हा 'छोटा पावसाळा' असतो, ऑक्टोबर ते डिसेंबर. पहिली सर येऊन गेली की संध्याकाळी वारुळांतून वाळवी धुरासारखी वर येते आणि ससाणे त्यात घुसतात. पायाने पकडतात, उडता-उडताच पाय चोचीकडे नेऊन खातात. पंख तेवढे गळून खाली येतात. सोमालियातही याच महिन्यांत पाऊस असतो, म्हणजे समुद्र पार करून आलेल्याला उतरल्या-उतरल्या पान वाढलेलंच.

एक विचारायचं होतं. मुंबईहून इथे विमानाने यायला मला सहा तास लागतात. हे बिचारे दोन-तीन दिवस समुद्रावर खातात काय?

गवताळ

नैरोबीकर, अगदी मोलाची माहिती. तुमच्या प्रश्नाची दोन उत्तरं आहेत: एक पक्कं, एक अजून वादातलं.

पक्कं म्हणजे चरबी. एक ग्रॅम चरबीतून पिष्टाच्या दुपटीहून जास्त ऊर्जा मिळते, ती साठवायला पाणी लागत नाही, उलट जळताना पाणी तयार होतं. नागालँडमधले ते दोन-तीन आठवडे म्हणजे याच साठ्याची बेगमी. हे किती टोकाला जाऊ शकतं ते गॉडविट या चिखलपक्ष्यात बघावं. अलास्कातून न्यूझीलंडला जाणाऱ्या बार-टेल्ड गॉडविटच्या 'ई७' या मादीने २००७ मध्ये ११,००० किलोमीटरहून जास्त अंतर आठ दिवसांत विनाथांबा कापलं. २०२२ मध्ये तर जेमतेम पाच महिन्यांच्या एका पिल्लाने अलास्का ते टास्मानिया १३,५६० किलोमीटर अकरा दिवसांत पार केले. अलास्कातल्या कोल्ड बे इथे रडारच्या घुमटावर आपटून मेलेली गॉडविटची पिल्लं शास्त्रज्ञांनी चिरून बघितली तेव्हा त्यांच्या वजनात ५५ टक्के चरबी निघाली, आणि आतडी, जठर, यकृत आक्रसून एवढंसं झालेलं. उड्डाणात जे कामाचं नाही ते वजन शरीर आधीच उतरवतं. पोचल्यावर पुन्हा वाढवतं.

वादातलं म्हणजे चतुर. मालदीवमध्ये राहणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांच्या लक्षात आलं की ऑक्टोबरपासून तिथे लाखो चतुर येतात, ग्लोब स्किमर जातीचे. चतुरांची पिल्लं ज्यात वाढतात ते साचलेलं गोडं पाणी मालदीवमध्ये जवळजवळ नाही, म्हणजे ते तिथे जन्मलेले नाहीत. २००९ मध्ये त्यांनी मांडलं की हे चतुर भारतातून निघून समुद्रावरून पूर्व आफ्रिकेत जात असावेत, एक किलोमीटरहून जास्त उंचीवरच्या वाऱ्यावर. पुढे चतुरांच्या पंखांतल्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याचे वजनाने वेगळे अणू, त्यांच्या प्रमाणावरून जन्मस्थळाचा अंदाज येतो) ते उत्तर भारताकडून किंवा त्याच्याही पलीकडून आलेले असावेत असं निघालं. अमूर ससाणे, चातक, निळ्या गालाचे वेडे राघू, सगळे त्याच सुमारास त्याच वाटेने जातात. वाटेत शिदोरी उडत असते असा अँडरसन यांचा अंदाज. मला तो मोहक वाटतो, पण ससाणा मुख्यतः चरबीवरच जातो असं माझं मत. रात्री काळोखात तो चतुर किती पकडणार?

वारा मात्र निर्विवाद. पावसाचा जो पट्टा विषुववृत्ताच्या आजूबाजूने वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो, तो ऑक्टोबर-नोव्हेंबरात दक्षिणेला जातो आणि त्याच्या पाठीमागे अरबी समुद्रावर ईशान्येचे वारे सुरू होतात. ससाण्याला पाठीमागून ढकलणारा वारा आणि आफ्रिकेत वाळवी बाहेर काढणारा पाऊस, दोन्ही एकाच पट्ट्याची करामत. आपल्या किनाऱ्यावरून आफ्रिकेकडे जाणारी शिडाची जहाजंही शेकडो वर्षं याच वाऱ्याची वाट बघत बंदरात थांबत.

अवनी_पु

म्हणजे हिवाळ्याचं घर वारशाने आलं आणि वाट वाऱ्याने आखली, असं म्हणू का?

गवताळ

म्हणा. दोन वाक्यांत मी लिहू शकलो नसतो. एक पुरवणी: वाट दर वर्षी जुळून यावी लागते. एका हंगामात वारा उशिरा फिरला तर पिल्लांची हजेरी त्या वर्षी कमी भरणार.

बापूसाहेब_निवृत्त

नागालँडात या पक्ष्यांची कत्तल होत असे असं मागे वर्तमानपत्रात वाचलं होतं. तो प्रकार थांबला का?

खाडीकाठ

थांबला, आणि अविश्वसनीय वेगाने. वोखा जिल्ह्यात दोयांग धरणाचा जलाशय आहे, त्याच्या काठी पांगती गाव. २०१२ च्या ऑक्टोबरात बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन, रोकोहेबी कुओत्सु यांनी तिथे जाऊन चित्रण केलं. रात्रीच्या थाऱ्याच्या वाटेवर मासेमारीची जाळी आडवी लावलेली, दिवसाला १२ ते १४ हजार पक्षी अडकत असल्याचा त्यांचा अंदाज. पुढच्याच वर्षी गावकऱ्यांनी, चर्चने, गावच्या मंडळांनी ठराव करून जाळी उतरवली. बाहेरून कोणी पोलीस बसवून हे झालेलं नाही. आणि एक विसरू नये: गावातल्या अनेकांचं त्या हंगामाचं उत्पन्न त्यावर होतं. ते सोडलं त्यांनी. आपण लोणावळ्यात कॅमेरा घेऊन उभे राहतो ते पक्षी त्यांच्यामुळे आहेत.

टोळभैरव

शिकार थांबली हे उत्तम. पण मला जास्त काळजी वेळापत्रकाची वाटते. हे पक्षी दिवसाच्या लांबीवर निघतात, आणि दिवसाची लांबी हवामान बदलाने बदलत नाही. कीटक मात्र तापमानावर आणि पावसावर चालतात.

खाडीकाठ

याचं उदाहरण युरोपात आहे. पाइड फ्लायकॅचर पश्चिम आफ्रिकेत हिवाळा काढतो आणि वसंतात नेदरलँड्समध्ये वीण करतो. तिथला वसंत लवकर येऊ लागला, ओकवरच्या अळ्यांचा बहरही आधीच येऊ लागला. आफ्रिकेत बसलेल्या पक्ष्याला ही खबर कशी लागणार? तो साधारण जुन्याच तारखांना निघतो. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जिथे अळ्यांचा बहर सर्वांत लवकर येत होता त्या जंगलांत या पक्ष्याची संख्या वीस वर्षांत ९० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. सगळीकडे नाही, जिथे बहर उशिरा येतो तिथे फारसा फरक नव्हता. म्हणजे हे जागेवार बघावं लागतं.

अमूरच्या बाबतीत तर तीन ठिकाणच्या तारखा जुळाव्या लागतात: नागालँडची वाळवी, अरबी समुद्राचा वारा, पूर्व आफ्रिकेचा पाऊस.

नैरोबीकर

इकडे छोटा पावसाळा एखाद्या वर्षी कोरडाच जातो, एखाद्या वर्षी पूर येतो. कोरड्या वर्षी वाळवी उडत नाही, तेव्हा त्सावोत अमूर फार थांबत नाहीत, पुढे सरकतात. दक्षिणेला वाव आहे तोवर ठीक.

अवनी_पु

मी या रविवारी लोणावळ्याला जातेय. फोटोखेरीज काय टिपलं तर उपयोग होईल?

गवताळ

वेळ, अंदाजे संख्या, नर-मादी-पिल्लं वेगवेगळी, आणि थवा कुठल्या दिशेला गेला. वाऱ्याची दिशा नक्की लिही. रुमाल वर धरला तरी कळते. पक्षी शिकार करत होते की नुसते पुढे जात होते तेही. चतुर किती होते हे कुणी टिपत नाही, तू टीप. सगळं ई-बर्ड या पक्षी-नोंदींच्या संकेतस्थळावर टाक, धाग्यात फक्त दुवा दे. आणि दुपारी चारनंतर जा, सकाळी धुकं असतं, काही दिसत नाही.

टोळभैरव

भोवत्या दिसला तर तोही लिही.